तिकडचा रविवार

रविवारी सकाळी साडेनऊला मावशी आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर ताठ बसल्या होत्या आणि घरात अशी शांतता होती, की नळातून एक थेंब पडला असता तरी काकांनी धावत जाऊन त्याला दटावलं असतं. घड्याळाची टिकटिक नको म्हणून त्यांनी त्यातला सेल काढून खिशात टाकला होता. दारावरची घंटा फडक्यात गुंडाळली होती. शेजारच्यांना आदल्याच दिवशी हात जोडून सांगितलं होतं, की उद्या दोन तास मिक्सर लावू नका. ती भली माणसं इतकी धास्तावली, की कुलूप लावून सरळ बहिणीकडे निघून गेली. मावशींनी केस चापूनचोपून बसवले होते, आणि चष्मा पुसून पुसून झिजवला होता.

मग पडद्यावर अक्षरं उमटली: "आपली परीक्षा उद्या आहे. शुभेच्छा."

मावशींनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायचा धीर होईना.

"अहो," त्यांनी हाक मारली. "इकडे या जरा."

काका चवड्यांवर चालत आले आणि दारातूनच हातवारे करून म्हणाले, बोलू नकोस.

"बोलते. परीक्षा आज नाहीच आहे. उद्या आहे."

"शक्यच नाही," काका म्हणाले. "वेळ मी काढलीय. तिकडे संध्याकाळचे सात म्हणजे इकडे सकाळचे साडेनऊ. मिनिटाचा फरक निघाला तर नाव बदलीन."

"वेळ बरोबर आहे हो. वार चुकलाय. तिकडे रविवारची संध्याकाळ होते, तेव्हा इकडे सोमवार उजाडलेला असतो."

काकांनी खुर्चीची पाठ धरली. "वार आम्ही कधी सांगतच नव्हतो," ते म्हणाले. "रोजची गाडी रोज."

यात त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. काकांचा सगळा जन्म बसस्थानकावर माइकसमोर गेला होता. कोणती गाडी कुठे लागेल, किती वाजता सुटेल, कुठे थांबणार नाही, हे सांगता सांगता त्यांचा घसा असा तयार झाला होता, की निवृत्तीनंतर त्याला लहान आवाज करताच येईना. "जरा मीठ दे" हेसुद्धा ते असं म्हणत, की चार घरं पलीकडच्या माणसाने बॅग उचलून उभं राहावं. पाळणाघरातली पोरं त्यांना भोंगाकाका म्हणत आणि काकांना त्याचा अभिमान होता.

पाळणाघर मावशींचं. घराच्या पुढच्या दोन खोल्यांमध्ये ते इतकी वर्षं चाललं होतं, की पहिल्या खेपेची पोरं आता दाढी करत होती. मुलं मावशी म्हणत म्हणून आयाही मावशी म्हणत, मग दूधवाला, इस्त्रीवाला, डॉक्टर, सगळ्यांच्याच त्या मावशी झाल्या. कुणी कधी विचारलं नाही, की मावशी, तुमचं शिक्षण काय. विचारायचं कारणही नव्हतं, कारण दाराबाहेरच्या पाटीवर चांगलं ठसठशीत लिहिलेलं होतं: "अनुभवी व प्रशिक्षित". त्यातलं "अनुभवी" खरं होतं. "प्रशिक्षित" हे काकांनी रंगाऱ्याला सांगून घातलं होतं, कारण पाटी मोठी घेतली होती आणि जागा उरत होती.

त्या उरलेल्या जागेने आता मावशींचा गळा धरला होता. परवाना कार्यालयाने यंदा नवा नियम काढला, की पाळणाघर चालवणाऱ्या बाईकडे बालसंगोपनाची पदविका हवीच. नसेल तर परवाना पुढे चालणार नाही. महिनाअखेर मुदत होती. जवळच्या कॉलेजात रोज हजेरी लागत होती, आणि मावशी रोज कॉलेजात बसल्या तर पोरांकडे कोण बघणार? म्हणून त्यांनी पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला असलेलं एक मुक्त विद्यापीठ गाठलं. ते घरबसल्या शिकवत होतं, कुठल्याही वयाला घेत होतं आणि शिकवणारी बाई जे बोलेल ते आपल्या भाषेत पडद्याखाली उमटवत होतं. वर्गात कुठकुठली माणसं होती. एका थंड देशातली नर्स होती, तिच्या खिडकीत कायम बर्फ. एका वाळवंटी शहरातला जहाजावरून उतरलेला स्वयंपाकी होता, त्याला म्हातारपणी बालवाडी काढायची होती. आणि एका बेटावरची आजी होती, तिच्या मागे कोंबड्या फिरत. एकाने शुभ प्रभात म्हटलं की दुसरा जांभई देत शुभ रात्री म्हणे. मावशींना या वर्गाचा लळा लागला होता.

पण त्याच बेटावरच्या आजीने त्यांची झोप उडवली होती. आजीची परीक्षा आधी झाली. परीक्षेच्या वेळी खोलीत दुसरं कुणी असायचं नाही, आवाज यायचा नाही, नजर पडद्यावरून हलायची नाही. दूर कुठेतरी बसलेली पर्यवेक्षिका कॅमेऱ्यातून बघत असते आणि तीन ताकिदी झाल्या की पेपर रद्द. आजीच्या पाठीमागून तीन वेळा कोंबडी गेली. तीही एकच कोंबडी. आजीचं सहा महिन्यांचं शिक्षण कोंबडीच्या पायी गेलं.

आणि मावशींच्या घरात सोमवारी सकाळी कोंबडी नव्हे, अख्खं खुराडं असणार होतं.

"उद्या पाळणाघर बंद ठेवू," काका म्हणाले.

"आणि कारण काय सांगू? मावशीची परीक्षा आहे म्हणून? कसली परीक्षा? प्रशिक्षित बाईची?" मावशींना रडू यायला लागलं. "ती बँकवाली आई आधीच माझ्या पाठी लागलीय. परवा म्हणाली, मावशी, तुमचं सर्टिफिकेट भिंतीवर लावा ना, आमच्या बँकेत सगळं भिंतीवर असतं. तिला नुसता वास लागला तरी दुपारपर्यंत सगळ्या आया पोरांना घेऊन जातील."

"मग मी सांभाळतो," काका म्हणाले. "दोन तासांचा तर प्रश्न. मी रोज शेकड्यांनी गाड्या सोडल्यात, ही तर बोटभर पोरं."

"गाड्या आपापल्या जागी उभ्या राहतात हो."

"पोरंही राहतील. सांगायची पद्धत असते."

काकांकडे बघितलं आणि मावशींचं धाबं दणाणलं. पण दुसरा उपाय नव्हता.

सोमवारी सकाळी रोजच्यासारखी पोरं आली. कुणी हसत, कुणी रडत, कुणी बापाच्या खांद्यावर झोपलेलंच. बँकवाली आई आली आणि तिने आपल्या लेकीला मावशींच्या हवाली केलं. ही लेक म्हणजे चिकटी. तीन वर्षांची होती, फारसं बोलत नसे, फक्त मावशींच्या पायाला मिठी मारून राही. मावशी भांडी घासत असल्या तर चिकटी पायाशी, दार उघडायला गेल्या तर चिकटी पायाबरोबर फरपटत. सोडवायला गेलं तर अशी किंचाळे, की भोंगाकाकांनीही कानांवर हात ठेवावेत.

"काकांबरोबर खेळ हं," मावशी म्हणाल्या, तिला अलगद सोडवून ठोकळ्यांजवळ बसवलं आणि चोरासारख्या आतल्या खोलीत शिरल्या. दार लावलं, कडी घातली, खुर्चीत बसल्या. पडद्याच्या कोपऱ्यात एका छोट्या चौकोनात पर्यवेक्षिका दिसायला लागली. तिशीची असेल, केस घट्ट बांधलेले, चेहरा असा की हसली तर दंड होईल. ती तिच्या भाषेत काहीतरी बोलली आणि खाली मराठी उमटलं.

"परीक्षार्थीने कॅमेरा फिरवून कक्ष दाखवावा."

मावशींनी कॅमेरा फिरवला. रिकाम्या भिंती, बंद कपाट, खिडकीचा पडदा.

"भिंतीवर एक प्राणी आढळला. तो काढावा."

ते बदकाचं चित्र होतं, मावशींच्या नजरेतून सुटलेलं. त्यांनी नखाने ते खरवडून काढलं. बदक निघालं, चोच राहिली. पर्यवेक्षिकेने चोचीकडे बराच वेळ पाहिलं आणि ती चालेल असं ठरवलं.

"परीक्षा सुरू झाली आहे. आता जागेवरून उठू नये."

आणि त्याच क्षणी मावशींच्या उजव्या पोटरीभोवती दोन ऊबदार हात आले.

त्या चोरासारख्या आत शिरल्या तेव्हा त्यांच्या मागून आणखी एक चोर शिरला होता. त्यांनी नकळत खाली पाहिलं. टेबलाखालून चिकटी त्यांच्याकडे बघत होती, अंगठा तोंडात, मुद्रा अतिशय समाधानी.

"परीक्षार्थीची नजर पडद्याबाहेर गेली. पहिली ताकीद."

मावशींनी मान वर केली ती कायमची. काय करावं? चिकटीला बाहेर काढायचं तर उठावं लागणार, उठलं की पेपर गेला. हाकलायचं तर ती किंचाळणार, किंचाळली की पेपर गेला. तशीच ठेवायची तर कुठल्याही क्षणी "मावशी, शू" म्हणेल आणि पेपर जाईलच जाईल. पण सध्या ती गप्प होती. मावशींनी पाय जराही हलवला नाही आणि पहिला प्रश्न वाचला. "बालकाच्या भावनिक सुरक्षिततेसाठी संगोपिकेची शारीरिक जवळीक का आवश्यक आहे, ते स्पष्ट करा." मावशींच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. त्यांनी स्पष्ट केलं.

मधून मधून त्या कोपऱ्यातल्या चौकोनाकडे चोरून बघत. पर्यवेक्षिका सारखी डावीकडे मान वळवत होती. नुसती वळवत नव्हती, डोळेही वटारत होती. तिथे नक्की वही असणार, मावशींना वाटलं, आणि त्या वहीत माझं नाव. दर वेळी तिची मान वळली, की मावशींच्या हातून एक अक्षर चुकीचं दाबलं जाई.

बाहेर काका सुरुवातीला खरोखर हळू बोलत होते. म्हणजे ते तसं समजत होते. आतून मावशींना शब्द कळत नव्हते, नुसती घरघर ऐकू येत होती. पण पोरांमध्ये एक होता कासाहेब. पाच वर्षांचा, शहाणा, आणि प्रत्येक गोष्टीवर "का?" म्हणणारा. मावशी कुठे आहेत, हा प्रश्न त्यालाच पडणार होता.

"मावशी झोपलीय," काका म्हणाले.

"का?"

"तिला बरं नाही."

"का?"

स्थानकावर माणसं चौकशी करत, पण उत्तरावर पुन्हा "का?" म्हणत नसत. काका गडबडले. "अंगावर काहीतरी उठलंय तिच्या."

"का?"

"अरे, उठलंय म्हणजे उठलंय!" काकांचा संयम सुटला आणि आवाजही सुटला. "मावशीच्या सर्वांगावर पुरळ उठलं आहे! तरी सर्व मुलांनी आतल्या खोलीपासून लांब राहावं!"

आत मावशी खुर्चीतल्या खुर्चीत उडाल्या.

"कक्षात पुरुषाचा आवाज आढळला. दुसरी ताकीद. पुढील ताकिदीनंतर पेपर रद्द होईल."

पण खरा घोटाळा बाहेर झाला होता. काकांनी ही घोषणा केली त्या क्षणी बँकवाली आई दारात उभी होती. चिकटीचा कापडी ससा गाडीतच राहिला, म्हणून ती बँकेतून अर्धा तास काढून परत आली होती. घंटेवर अजून फडकं गुंडाळलेलं होतं, ती वाजलीच नाही. म्हणून तिने दार ढकललं आणि "सर्वांगावर पुरळ" तिच्या कानी पडलं.

"पुरळ?" ती म्हणाली. "कधीपासून?"

काकांची बोबडी वळली. "आत्ताच. म्हणजे रात्री. तसं काही नाही."

"आणि तरीही पाळणाघर चालू ठेवलंत? एवढ्याशा पोरांमध्ये?" एकीकडे ती बोलत होती आणि दुसरीकडे फोनवर लिहीत होती. सगळ्या पालकांचा फोनवर एक गट होता. त्यात सहसा कुणाचा मोजा हरवला, एवढीच बातमी असे. आता त्यात मावशींचं पुरळ पोचलं. "माझ्या मुलीला आणा. मी घेऊन जाते."

"आणतो," काका म्हणाले आणि वळले. ठोकळ्यांजवळ बघितलं. गादीवर बघितलं. पडद्यामागे, मोरीत, खेळण्यांच्या पेटीत बघितलं. मग पोरं मोजली, मग उलटीकडून मोजली. चिकटी नव्हती.

"येईल," ते म्हणाले. "थोडा उशीर आहे."

"उशीर? कशाला उशीर? काका, माझी मुलगी कुठंय?"

आत मावशींना एकूण एक शब्द ऐकू येत होता. बाहेर पावलं धावायला लागली. कपाटं उघडल्याचे आवाज आले, बँकवाल्या आईचा आवाज चढत गेला, मग त्यात दुसऱ्या आवाजांची भर पडली. पुरळाची बातमी मिळालेले पालक हातातली कामं टाकून यायला लागले होते, आणि पुरळ विचारायला आलेल्याला दारातच कळत होतं, की एक मूल सापडत नाहीये. मग तो स्वतःचं पोर कवटाळून त्या मुलाला शोधायला लागे. कुणी गच्चीवर गेलं, कुणी रस्त्यावर.

आणि मूल मावशींच्या पायाशी होतं. मिठी आता जरा सैल झाली होती. चिकटीला डुलकी लागत होती.

मावशींच्या डोळ्यांपुढे शेवटचा प्रश्न होता. "मूल काही काळ दिसेनासे झाल्यास संगोपिकेने पालकांशी संवाद कसा साधावा? सविस्तर लिहा." त्यांनी लिहायला घेतलं, "सर्वप्रथम पालकांना ताबडतोब..." आणि बोटं थांबली.

बाहेर बँकवाली आई आता ओरडत नव्हती. ती एकसारखं चिकटीचं नाव घेत होती, अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं. तो आवाज मावशींना सहन होईना. पाच मिनिटांत उत्तर पुरं झालं असतं. पेपर झाला असता, पाटी खरी झाली असती, पाळणाघर राहिलं असतं. फक्त पाच मिनिटं ही बाई अशीच राहिली असती. मावशींनी कोपऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ती माझ्यापाशी आहे!" त्या गळा ताणून ओरडल्या. "टेबलाखाली! धडधाकट आहे! झोपलीय!"

मावशींनी चिकटीला उचललं, जाऊन कडी काढली आणि दार उघडलं. समोर बँकवाली आई, तिच्या मागे काका, त्यांच्या मागे सगळे पालक, प्रत्येकाच्या कडेवर आपापलं पोर. बँकवाल्या आईने लेकीला ओढून घेतलं आणि ती रडायला लागली. मग रडता रडताच ती मावशींच्या हातांकडे, गळ्याकडे, गालांकडे बघायला लागली.

"पुरळ कुठंय?"

"पुरळ नाही," मावशी म्हणाल्या. आता लपवायचं तरी कशासाठी? "मी परीक्षेला बसले होते. पदविकेच्या. पाटीवर लिहिलंय ना प्रशिक्षित, ते खरं नाहीये. मी काही शिकलेली नाही. आज शिकले असते, पण आता पेपर रद्द झाला. तुम्हाला पोरं न्यायची असली तर न्या, माझं काही म्हणणं नाही."

बँकवाल्या आईने तोंड उघडलं, पण तेवढ्यात चिकटी जागी झाली, आईकडे बघितलं, मावशींकडे बघितलं आणि दोन्ही हात मावशींकडे पसरून किंचाळायच्या बेताने श्वास भरायला लागली. आईला तो श्वास माहीत होता. तिने मुकाट्याने लेकीला खाली ठेवलं. चिकटी ठुमकत गेली आणि जागेवर, म्हणजे मावशींच्या पायावर, बसली.

"अगं," काका म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज खरोखर बारीक निघाला. "ती पडद्यावरची बाई कुठे गेली?"

सगळ्यांनी वाकून बघितलं. कोपऱ्यातल्या चौकोनात नुसती खुर्ची होती, तीही तिरकी. खुर्चीच्या पाठीवर एक इवलासा ओला मोजा वाळत होता. आणि कॉम्प्युटरमधून, पृथ्वीच्या पलीकडून, एका लहान पोराचं खणखणीत भोकाड ऐकू येत होतं. ते कोणत्या भाषेत होतं हे कुणाला विचारावं लागलं नाही. तिकडे रविवारची रात्र होत आली होती, निजायची वेळ.

मग भोकाड जवळ आलं. पर्यवेक्षिका धावत येऊन खुर्चीत बसली. केस सुटले होते, खांद्यावर दुधाचा डाग होता, आणि कडेवर तीनेक वर्षांची मुलगी आईचा कान ओढत होती. पर्यवेक्षिकेने पडद्याकडे बघितलं. पडद्यात मावशी, मावशींच्या मागे काका, आणि दारात गर्दी केलेले डझनभर लोक मुलांसकट तिच्याकडे बघत होते.

ती काहीतरी पुटपुटली आणि थोड्या वेळाने खाली अक्षरं आली.

"पर्यवेक्षक काही काळ जागेवर नव्हता. हे नियमाबाहेर आहे. परीक्षार्थीने काही पाहिले काय?"

मावशींनी तिच्या कडेवरच्या मुलीकडे बघितलं. मग खुर्चीत बसून एका बोटाने टाइप केलं: "नाही. तुम्ही?"

तिकडे ती वाचत होती. डोळे दारातल्या गर्दीवरून एकदा फिरले, काकांवर जरा थांबले, पुन्हा मावशींवर आले.

"नाही," अक्षरं आली. "तांत्रिक व्यत्ययाबद्दल वेळ वाढवून देण्यात येत आहे. परीक्षार्थीने पुढे लिहावे."

मावशींना कळेना, की हसावं की रडावं. पण बँकवाल्या आईला काय करायचं ते बरोबर कळलं. बँकेत दुपारी काउंटर बंद करताना वापरतात तसला हात तिने वर केला. "सगळे बाहेर," ती कुजबुजली. "एक शब्द नाही. काका, तुम्ही तर श्वाससुद्धा बेताने घ्या." आणि चिकटीला तिथेच, मावशींच्या पायाशी ठेवून तिने स्वतःच्या हाताने दार ओढून घेतलं.

पुढचा वेळ बाहेर काय चाललं होतं हे मावशींना नंतर कळलं. सगळे पालक पोरांना मांडीत घेऊन जमिनीवर ओळीने बसले होते, कासाहेबाच्या तोंडात बिस्किटामागून बिस्कीट सारलं जात होतं, म्हणजे त्याला "का" म्हणायला फुरसतच मिळू नये, आणि बँकवाली आई दाराला पाठ लावून उभी होती. तासाभरात आत घुसू पाहणाऱ्या पोरांच्या ओढाताणीत तिचा एक कानातला डूल गेला, चष्म्याची काडी वाकली आणि ससा घामाने ओला झाला. सर्टिफिकेटचं नाव तिने पुन्हा कधी काढलं नाही. निकाल लागला तो महिना संपायच्या जरा आधी. मावशी काठावर पास झाल्या, परवाना राहिला, आणि पदविकेला चौकट बँकवाल्या आईनेच आणली. पाटी मात्र मावशींनी रंगवून घेतली नाही. आता गरज नव्हती.

पण ते नंतरचं. त्या सकाळी मावशींनी शेवटचं उत्तर पुरं केलं आणि बटण दाबलं.

"परीक्षा संपली. आता बोलण्यास हरकत नाही," अक्षरं आली. मावशींनी हुश्श केलं. पाय इतका बधिर झाला होता, की तो आपला की चिकटीचा हेही समजत नव्हतं. त्या कॉम्प्युटर बंद करायला गेल्या, पण तिकडची बाई अजून गेली नव्हती. तिची लेक आता तिच्या डोक्यावर चढत होती. ती चोरट्यासारखी मागे बघून, अगदी हळू काहीतरी बोलली.

"टेबलाखालील व्यक्ती पूर्ण वेळ शांत होती. मला ती सुरुवातीला दिसली होती. माझी तीन वर्षांची आहे व बिलकुल शांत बसत नाही. आपण हे कसे साधले? कृपया उत्तर द्यावे."

मावशींनी टेबलाखाली बघितलं. आता ताकीद नव्हती, हवं तितका वेळ बघता येत होतं. चिकटी त्यांच्या पायावर गाल टेकून गाढ झोपली होती. मावशींनी बराच विचार केला, पुस्तकातलं सगळं आठवून बघितलं, आणि मग एका बोटाने लिहिलं:

"मला माहीत नाही."

त्या सकाळी लिहिलेल्या सगळ्या उत्तरांमध्ये एवढ्या एकाच उत्तराची त्यांना पुरती खात्री होती.